उपवासकाळात वाचायला एकच पुस्तक सुचवा (आणि संसार सांभाळून वाचन कसं जमवता तेही सांगा)

दोन_नंबर_गेट
१६ फेब्रुवारी, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. परवा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू. आमच्या घरात दरवर्षी या सुमाराला एकच चर्चा, यंदा काय सोडायचं. चहा झाला, चिकन झालं, रात्रीचं क्रिकेट झालं. यंदा सोडायचं ते सोडूच पण जोडीला काहीतरी नीट वाचायचं असं बायकोचं आणि माझं ठरलंय.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला सुपरवायझर, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. घरात आई, तिला शुगर, आणि पोरगा दहावीला, म्हणजे घरात सध्या देवापेक्षा गणिताचा धाक जास्त. दिवसाला मिळून मिळून पंधरा-वीस मिनिटं मिळतील, त्यातली थोडी दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी जाईपर्यंत ताटकळतो ती. त्यामुळे जाडजूड ग्रंथ सांगू नका.

अडचण अशी की वाचायला कमी नाही, जास्तच झालंय. चर्चचा ग्रुप, युथचा ग्रुप, मामाच्या घरच्यांचा ग्रुप, सकाळी सातच्या आत पाच-सहा चिंतनं येऊन पडतात, एक इंग्लिश, दोन कोकणी, एक केरळचा व्हिडिओ, आणि खाली 'दहा जणांना पाठवा'. सगळी उघडतो, दुपारी जेवताना विचारलंत तर एकही सांगता यायचं नाही. फादरना विचारलं तर म्हणाले बायबल वाच. बरोबर आहे त्यांचं, पण मी उत्पत्तीपासून सुरू करतो आणि निर्गममध्ये मंडपाचे पडदे किती हात आणि खांब किती ते आलं की तिथंच बसतो.

घरात बोलणं कोकणी, प्रार्थना मराठी, पोराची शाळा इंग्लिश, कामावरचे कागद निम्मे कन्नड. तर पुस्तक कुठलं, कुठल्या भाषेतलं, आणि तुम्ही लोक ते वाचता कधी? बेळगाव, खानापूर, लोंढा, चंदगड, सगळ्यांनी सांगा.

लोंढ्याच्या_टीचर
१६ फेब्रुवारी, रात्री ११.१५

बाळा, तुझ्या या प्रश्नाचं उत्तर सहाव्या शतकातच देऊन ठेवलंय. संत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात हातानं काम किती वेळ करायचं आणि वाचायचं किती वेळ याचं अगदी तासातासाचं वेळापत्रक आहे. त्यात उपवासकाळासाठी वेगळा नियम, या दिवसांत प्रत्येकाला ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यायचं आणि त्यानं ते पहिल्या पानापासून क्रमानं, पूर्ण वाचायचं. चाळायचं नाही, आवडेल तेवढं उचलायचं नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. वाचनाच्या वेळेत एक-दोन वडीलधारे मठात फेरी मारणार, कोण गप्पा छाटत बसलाय, कोण नुसताच आळसावलाय ते बघायला. म्हणजे संन्यासी झाले म्हणून वाचनाचा कंटाळा काही सुटलेला नव्हता.

तर पहिलं, ते फॉरवर्ड चाळीस दिवस बंद. दुसरं, एकच पुस्तक. तू संसारी माणूस आहेस म्हणून मी संत फ्रान्सिस डी सेल्सचं 'इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ' सांगेन, १६०९ सालचं. तो जिनिव्हाचा बिशप, पण पुस्तक लिहिलं ते लग्न झालेल्या, घरदार असलेल्या एका बाईला दिलेल्या सल्ल्यांतून. सुरुवातीलाच तो सांगतो की भक्ती प्रत्येकाच्या धंद्याला आणि परिस्थितीला बेतून असायला हवी. बिशप एकांतात जाऊन बसला, संसारी माणसानं संन्याशासारखं घरात काही साठवायचंच नाही म्हटलं, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसला, तर ते हास्यास्पद होईल असं त्यानं स्पष्ट लिहिलंय. प्रकरणं दोन-दोन तीन-तीन पानांची आहेत. गेटला गाडी जाईपर्यंत एक आरामात होतं, मालगाडी असली तर दोन.

माझ्याकडे इंग्लिश कॉपी आहे, कव्हर सुटलंय, बाकी ठीक. हवी असेल तर बेळगावला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते.

लाल_मातीचा_खानापूरकर
१७ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

टीचर, तुम्हाला मान देऊन सांगतो, पण मला हा वाचनाचा सोस पटत नाही. आमच्याकडे वाचणारे भरपूर आहेत, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत, पहिल्या बाकावर तेच, आणि कामगाराला शनिवारचा पगार सोमवारी देणारे पण तेच. माझा विटांचा धंदा आहे म्हणून बोलतो, भट्टीवर बाहेरगावची कुटुंबं येतात, पोरं चिखलात खेळत असतात, आणि आपले लोक संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जाताना त्यांच्या शेजारून गाडी घालतात.

येत्या शुक्रवारी मिस्साला बायबलमधल्या यशयाचा ५८वा अध्याय आहे, तो ऐका कान देऊन. तुमच्या उपवासाच्या दिवशी तुम्ही तुमचा मतलब साधता आणि तुमच्या कामगारांना पिळता, असं देव तोंडावर सांगतोय. भुकेल्याला भाकरी द्या, उघड्याला कपडा द्या, हाच माझा उपवास म्हणतोय. झालं की. आता यावर आणखी पुस्तक कशाला?

नाइट_ड्युटी
१७ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

खानापूरकर दादा, यशया ५८ तुम्ही कुठंतरी वाचलात म्हणूनच सांगू शकलात ना 😀

मी नर्स आहे, कॅम्पात राहते. माझं वाचन म्हणजे रोजच्या मिस्साची वाचनं, बास. वेगळं पुस्तक नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात पण उपवासकाळातली सोमवार ते शनिवारची दरवर्षी तीच असतात. म्हणजे पहिल्या सोमवारी लेवीय १९ आणि मत्तय २५, हे गेल्या वर्षी होतं, यंदा आहे, पुढच्या वर्षीही असणार. मी एक साधी दोनशे पानी वही केलीय, प्रत्येक दिवसाला एक पान. दरवर्षी त्याच पानावर खाली दोन ओळी लिहिते, वेगळ्या शाईत. एका पानावर लिहिलंय 'क्षमा कर म्हणे, जमणार नाही', त्याच्या खाली पुढच्या वर्षी 'अजून नाही', आणि त्याच्या खाली काहीच नाही, नुसती तारीख. कुणाबद्दल ते विचारू नका.

पद्धत आम्हाला हॉस्टेलला एका सिस्टरनी शिकवली होती. बाराव्या शतकात गिगो नावाचा एक कार्थुसियन पंथाचा संन्यासी होऊन गेला, त्यानं वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी वाचायचं, मग त्यावर मन लावायचं, मग त्यातून जे वर येईल ते देवाशी बोलायचं, आणि शेवटी गप्प बसायचं. चौथी पायरी मला नाइटला बरोबर जमते, पहाटे चारला वॉर्ड शांत असतो. फक्त बेल वाजली की उठायचं. सिस्टर म्हणायच्या बेल वाजली तर पुस्तक मिटून जा, तिकडे पण तोच आहे.

मोबाईलवर वाचू नका एवढंच सांगते. मी वाचत होते तेव्हा स्तोत्र ५१ च्या मधोमध सेलची जाहिरात यायची.

वडगावचा_माळकरी
१७ फेब्रुवारी, दुपारी २.०५

मी तुमच्यातला नाही, पण आमच्या गल्लीत तुमची चार घरं आहेत, नाताळला करंज्या आमच्याकडे आणि दिवाळीला चकल्या तुमच्याकडे असं चालतं, म्हणून न विचारता घुसलो.

आमच्या घरी माग. आज्जा पहाटे मागावर बसायच्या आधी ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचायचा, पाच म्हणजे पाचच, सहावी नाही. सप्ताहात पारायणाला बसलं की सात दिवसांत नऊ हजार ओव्या हातावेगळ्या होतात, त्यात मजा आहे, सगळा गाव एका सुरात वाचतो, मी पण बसतो. पण आज्जा म्हणायचा पारायणात तोंड पुढं जातंय आणि मन मागं राहतंय. पाच ओव्या वाचून तो मागावर बसला की दिवसभर धोटा फिरेल तशी त्यातली एखादी ओवी परत परत तोंडात. त्याची अख्खी ज्ञानेश्वरी किती वेळा झाली त्यानं कधी मोजलं नाही, आणि आम्ही विचारलं तर चिडायचा.

तेव्हा टीचर म्हणतात ते मला पटलं, एकच ग्रंथ, क्रमानं. फक्त घाई नको. चाळीस दिवसांत संपलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आणि एक खोडी काढतो. तुमच्यात शुक्रवारी मटण बंद, पण मासे चालतात म्हणे. शेजारी उपवासकाळातल्या शुक्रवारी सुरमईचा असा वास सुटतो की आम्हाला आमची एकादशी आठवते. एकादशी आणि दुप्पट खाशी 😄

दोन_नंबर_गेट
१७ फेब्रुवारी, रात्री ११.३०

माळकरी आन्ना, सुरमईचं बोललात ते अगदी वर्मी लागलं. आमच्या आईचं म्हणणं शुक्रवारी मासळी बाजारात गेलास तर बघ, निम्मी आपलीच माणसं आणि भाव विचारायची सोय नाही.

आईवरून आठवलं. तिला उपवास करायचाच आहे, ऐकत नाही. सकाळची गोळी घेऊन उपाशी बसली की चक्कर येते. नियम नक्की काय आहे कुणी सांगेल का? म्हणजे तिला दाखवता येईल.

धर्मशिक्षण_काका
१८ फेब्रुवारी, सकाळी ५.४०

आज राखेचा बुधवार, मिस्साला जायच्या आधी लिहितोय.

उपवास फक्त दोन दिवस सक्तीचा, आजचा आणि गुड फ्रायडेचा. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. त्यात दिवसाला एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं, दोन्ही मिळून एक जेवण होणार नाही इतकं. मांस वर्ज्य करायचं ते १४ वर्षांपासून पुढं, शेवटपर्यंत. आजाऱ्यांना, गरोदर बायकांना, अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्यांना उपवासातून सूट. तुमच्या आईला वयानं पण सूट आणि आजारानं पण. त्यांना म्हणावं औषध वेळेवर घेणं आणि त्यावर पोटभर खाणं हाच तुमचा नियम. ऐकतील असं वाटत नाही, आमची पण ऐकत नव्हती. शेवटी फादरनी घरी येऊन समोर बसून पेज प्यायला लावली तेव्हा प्यायली.

आजचं शुभवर्तमान मत्तय ६. उपवास करताना तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि नेमकं त्याच दिवशी आपण कपाळावर राख लावून बाजारात हिंडतो. मी चाळीस वर्षं धर्मशिक्षण घेतोय, दरवर्षी एखादं पोर हे विचारतंच, आणि मला ते पोर आवडतं.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात, घरात फोटोमागं खोचलेल्या अजून असतील तर पुढच्या वर्षी वेळेवर आणून द्या, यंदा डबा निम्माच भरला.

पारगड_रोड
१९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

चंदगडकडून नमस्कार. सगळ्यांनी लॅटिन आणि फ्रेंच संतांची नावं घेतली, घरातलं पुस्तक कुणीच कसं सुचवलं नाही? फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. माणूस इंग्लंडचा, १५७९ ला गोव्यात आला, आणि १६१६ ला गोव्यातच रायतूरला हे छापलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. पैलें पुराण म्हणजे जुना करार, दुसरें पुराण म्हणजे येशूचं चरित्र. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याला विचारलं की आमची जुनी पुराणं बंद केलीत, आता आम्ही वाचायचं काय, त्यातून हे आलं, असं पुस्तकातच आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दोन_नंबर_गेटनं विचारलेलाच प्रश्न कुणीतरी गोव्यातल्या साष्टीत विचारला होता.

पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. लोकांनी हातानं उतरवून उतरवून ते जपलं, मग १९०७ ला मंगळूरला रोमी लिपीत छापलं, आणि १९५६ ला देवनागरीत आलं.

आमच्या थोरल्या आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं पण दुःखसहनाच्या भागातल्या कितीतरी ओव्या पाठ. उपवासकाळात संध्याकाळी चूल पेटवताना म्हणायची, फुंकणी फुंकायला मध्ये थांबायची आणि बरोबर त्याच शब्दापासून परत सुरू. चाल ठरलेली, हलकीशी रडवी. मी लहानपणी विचारलं होतं की हे कळतं का तुला, तर म्हणाली कळायचं तेवढं कळतंय, उरलेलं माझ्या आईला कळत होतं.

आता प्रामाणिक सांगायचं तर आज उघडून वाचायला सोपं नाही. जुनी मराठी, त्यात कोकणीची मिसळ. पण मोठ्यानं वाचलं की निम्मी अडचण जाते, डोळ्यांपेक्षा कानाला लवकर समजतं. सगळं घेऊ नका. दुसऱ्या पुराणातला येशूच्या दुःखसहनाचा भाग घ्या, रोज दहा ओव्या, आणि आईला वाचून दाखवा. आई उपवास करायचं विसरेल बघा.

पंजाब_मेल
१९ फेब्रुवारी, रात्री १०.००

मराठीत वाचा मराठीत वाचा सगळं ठीक, पण आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा महिन्यातनं एकदा आणि तीही दुपारी, त्याचं आधी बोला. इथं बाहेर बोर्डाचं राजकारण आणि आत

ॲडमिन_बेळगाव
१९ फेब्रुवारी, रात्री १०.२५

पंजाब_मेल, पुढचं कापलंय. बोर्ड, भाषा, सीमाप्रश्न यासाठी वेगळा धागा आहे आणि तो गेली कित्येक वर्षं पेटलेलाच आहे, तिकडे जाऊन लिहा. इथं वाचन.

दोन_नंबर_गेट
२५ फेब्रुवारी, रात्री १२.१०

आठवडा झाला म्हणून कळवतो. टीचरनी पुस्तक पाठवलं, त्यांच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याकडून माझ्या कामाच्या गेटपर्यंत आलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. वाचायला घेतलंय. नाइट_ड्युटी ताईंचं पण अर्धं उचललं, म्हणजे रात्री जेवण झाल्यावर बायको त्या दिवसाचं पहिलं वाचन मोठ्यानं वाचते, पाच मिनिटं, पोरगा गणिताच्या वहीसकट ऐकतो.

सोमवारी लेवीय १९ आलं. खोटं बोलू नका, चोरी करू नका, हे सगळं ओळखीचं, कुणी मान वर केली नाही. मग तेरावी ओवी, म्हणजे तेरावं वचन (माळकरी आन्ना तुमची सवय लागली), मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवून घेऊ नको. बायकोनं तिथं थांबून माझ्याकडं बघितलं. कारण मी त्याच दिवशी जेवताना सांगितलं होतं की आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरकडून जे हेल्पर येतात त्यातल्या चौघांचा जानेवारीचा पगार अजून अडकलाय, हजेरीत घोळ आहे म्हणून. हजेरी मी लिहितो. माझ्या वहीत घोळ नाही. पण कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला जाऊन सांगायचं काम माझं नाही असं मी धरून चाललो होतो, कंपनीत सगळेच तसं धरून चालतात.

मंगळवारी हजेरीची वही घेऊन गेलो. एकेका दिवसाच्या पानावर बोट ठेवून दाखवलं. तो माणूस आधी उखडला, मग साहेबांकडं जातो म्हणाला, मग दोघांचा पगार आज झाला. उरलेल्या दोघांचं 'बघू' वर आहे. उद्या परत जाणार. त्या चौघांतला एकजण रोजे धरतोय, यंदा रमजान पण बरोबरच लागलाय, दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं एका कोपऱ्यात बसतो, तो उपाशी, मी दोन चपात्यांवर.

लाल_मातीचा_खानापूरकर
२५ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

बास. आता मला वाचनाबद्दल काही बोलायचं नाही. उरलेल्या दोघांचे निघाले की कळवा. नाही निघाले तर माझ्या ओळखीचा एक लेबर ऑफिसला फेऱ्या मारलेला माणूस आहे, कागद कसे लिहायचे त्याला माहीत आहे.

लोंढ्याच्या_टीचर
२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ४.३०

छान झालं रे. पण एक शंका बोलून दाखवते, राग मानू नकोस. आता सगळ्यांना असं वाटेल की वाचलं की लगेच दुसऱ्या दिवशी असं काहीतरी घडायला पाहिजे. नाही घडत. पुढचे दोन-तीन आठवडे तुला नुसतं कोरडं जाईल, वाक्य डोळ्यापुढनं जाईल आणि तू गियर बॉक्सचा विचार करत असशील. तेव्हा पुस्तक सोडू नकोस.

अविलाची संत तेरेजा, एवढी मोठी प्रार्थनेची गुरू, तिनं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की अठरा वर्षं, ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडली तर, हातात पुस्तक असल्याशिवाय तिला प्रार्थनेला बसायचं धाडस व्हायचं नाही. दरवेळी वाचायची असं पण नाही, कधी कधी नुसतं जवळ असलं तरी पुरायचं. तिनं हे लपवलं नाही याचंच मला कौतुक आहे.

आणि ख्रिस्तपुराण वाचतोस का आईला?

दोन_नंबर_गेट
२६ फेब्रुवारी, रात्री ११.५०

वाचत नाही टीचर, ऐकतो. मी पहिल्या दिवशी दोन ओव्या अडखळत वाचल्या आणि आई म्हणाली असं नाही, आण इकडं. तिला चष्म्यातनं नीट दिसत नाही, पण चाल तिची तिला माहीत होती, तिच्या मावशीकडे म्हणायचे म्हणे. आता मी शब्द सांगतो आणि ती म्हणते. शुगरची गोळी आणि त्यावरची भाकरी त्याआधी, ही अट घातली आहे. चाललंय.

अनगोळची_सून
८ मार्च, रात्री ९.४५

धागा वर आणते. आज उपवासकाळाचा तिसरा रविवार, योहानाचा चौथा अध्याय, विहिरीवरची शोमरोनी बाई, आणि आज नेमका महिला दिन. आमच्या फादरनी प्रवचनात दोन्ही जोडलं, बरं बोलले, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट खटकली म्हणून लिहिते.

ती दुपारी बारा वाजता पाण्याला आली. प्रवचनात नेहमी सांगतात की लोक नावं ठेवायचे म्हणून बाकीच्या बायका नसताना आली. असेल. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, राकसकोप धरणात किती आणि हिडकल धरणात किती ते पेपरवाल्यांना ठाऊक, आम्हाला पाइपमधनं हवा सुटल्याचा आवाज आला की धावायचं ठाऊक. रात्री दोनला आलं तर दोनला. त्यामुळे मला वाटलं बाई बाराला आली कारण तिला बाराला सवड झाली. सगळं आवरून, सगळ्यांचं झाल्यावर. आणि तिथं बसलेला माणूस काय म्हणतो, मला प्यायला दे. म्हणजे तिथं पण आधी कुणालातरी द्यायचंच.

पण मग पुढं वाचलं तर ती तिचा घडा तिथंच टाकून गावात पळाली. घडा टाकला! हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं, म्हणजे वाचून दाखवतात तेव्हा असतंच, पण आज कानात शिरलं. मी तर घागर टाकून कुठं गेले नसते, सासूबाईंनी घरात घेतलं नसतं 😂

नाइट_ड्युटी
९ मार्च, पहाटे ४.१०

ताई, हे मी माझ्या वहीत कालच्या पानावर उतरवून घेते. नाव घालत नाही.

धर्मशिक्षण_काका
९ मार्च, सकाळी ६.००

पुढच्या रविवारी जन्मांध माणूस, त्याच्या पुढच्या रविवारी लाजर. तिन्ही उतारे योहानाचेच, लांबलचक आहेत, मिस्सात उभं राहून पाय दुखतात म्हणून लोक छोटं रूप वाचा म्हणतात. घरी शनिवारी रात्री पूर्ण वाचून या. जन्मांधाच्या आईबापांचं बोलणं बघा, 'तो मोठा आहे, त्यालाच विचारा'. गावातनं वाळीत पडायच्या भीतीनं पोराला एकटं सोडलं. असे आईबाप मी बघितलेत.

वडगावचा_माळकरी
१९ मार्च, सकाळी १०.१५

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. शेजारी कळलं की आज तुमचा पण सण, संत जोसेफचा. सुतार माणूस, हातानं काम करणारा, एवढं बास आम्हाला. श्रीखंड पाठवलंय तिकडं, उपवासकाळ आहे म्हणून परत येतंय काय बघतो.

दोन_नंबर_गेट
१९ मार्च, रात्री ११.२०

आमच्याकडे पाठवलं असतंत तर परत आलं नसतं आन्ना. आज मोठा सण, आज चालतंय.

पुस्तक निम्म्यावर आलंय. टीचर म्हणाल्या तसा मधला आठवडा कोरडा गेला, सेकंड शिफ्ट होती, गेटला उभं राहून तेच पान परत परत. त्यातल्या एका ठिकाणी फ्रान्सिस म्हणतो की रोज थोडं वाचा, आणि ते संतांनी स्वर्गातनं तुम्हाला पाठवलेलं पत्र समजून वाचा. मला पहिल्यांदा जरा गोडगोड वाटलं ते. पण पत्र आलं तर आपण मधनंच उघडत नाही एवढं खरं.

ईस्टरच्या आत संपणार नाही. आणि उरलेल्या दोघांचा पगार झाला, खानापूरकर. एकाला हजार कमी दिलेत, त्याचं चाललंय.

लाल_मातीचा_खानापूरकर
२० मार्च, सकाळी ६.३०

हजाराचं सोडू नका. आणि ते पुस्तक तुमचं झालं की टीचरना विचारून माझ्याकडं पाठवा. इंग्लिश मला हळू येतंय पण पावसाळ्यात भट्टी बंद असती, तेव्हा वेळच वेळ.

लोंढ्याच्या_टीचर
२० मार्च, दुपारी १.००

घे की. पण पहिल्या पानापासून वाचायचं, मधनं नाही. पानं दुमडायची नाहीत, पेनानं खुणा करायच्या नाहीत, माझ्या आधीच्या खूप आहेत त्याकडे लक्ष द्यायचं नाही. आणि कव्हर तेवढं कुणीतरी चिकटवा रे.

दोन_नंबर_गेट
२० मार्च, रात्री ११.४५

कव्हर पोरानं फेविकॉल लावून वर गणिताची जाड वही ठेवून चिकटवलंय टीचर, बाइंडिंग पण टाचून घेतो. गुड फ्रायडेला योहानाचे १८ आणि १९ हे दोन अध्याय घरी मोठ्यानं वाचायचे म्हणतोय, दुपारी तीनच्या विधीला जायच्या आधी, आई, पोरगा सगळे मिळून. किती वेळ लागतो कुणाला माहीत आहे का? कारण आईला मध्ये खायला द्यावं लागेल.

नाइट_ड्युटी
२१ मार्च, पहाटे ५.०५

सावकाश वाचलं तर पंधरा-वीस मिनिटं. पेत्र तीनदा नाही म्हणतो ते झालं की थांबून काकूंना पेज द्या.